बी-स्कूलच्या अर्जासाठी घेतलेली सल्लासेवा: एका ग्राहकाचे सविस्तर परीक्षण

गेल्या प्रवेश-हंगामात मी बिझनेस स्कूलमधील (बी-स्कूल) एमबीए अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी पुण्यातील एका अर्ज-सल्लागार संस्थेचे ‘चार शाळांचे पॅकेज’ घेतले होते. शाळांची निवड, रेझ्युमे, निबंध, शिफारसपत्रांबाबतचे मार्गदर्शन आणि मुलाखतीचा सराव एवढ्या गोष्टी त्यात येतात, आणि 18 टक्के जीएसटी धरून त्याचे शुल्क मला अडीच लाख रुपयांच्या थोडे वर पडले. संस्थेचे नाव येथे देत नाही. पुण्या-मुंबईतील बहुतेक संस्थांची पॅकेजेस थोड्याफार फरकाने अशीच असतात, त्यामुळे यातील कोणत्या भागाचा उपयोग झाला आणि कोणता भाग निरुपयोगी ठरला, हेच वाचकाच्या अधिक कामाचे आहे. माझे मत आधीच सांगतो. या सेवेचा जो भाग मला प्रश्न विचारत होता, तो पैसे वसूल करणारा होता. जो भाग माझ्या वतीने लिहू पाहत होता, तो अर्ज कमकुवत करणारा होता.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय पुढचे तपशील लागणार नाहीत. मी अन्नतंत्रज्ञानाचा पदवीधर असून नाशिक जिल्ह्यातील एका द्राक्ष-निर्यात कंपनीच्या पॅकहाउसमध्ये, म्हणजे माल निवडून पॅक करण्याच्या केंद्रात, कामकाज सांभाळतो. इंडियन स्कूल ऑफ बिझनेस (आयएसबी), आयआयएम अहमदाबादचा अनुभवी लोकांसाठीचा पीजीपीएक्स हा अभ्यासक्रम, फ्रान्समधील इनसियाड आणि लंडन बिझनेस स्कूल या चार ठिकाणी मी अर्ज केले. अशा शाळांमध्ये चुरस किती असते याची कल्पना येण्यासाठी हार्वर्डचे उदाहरण पुरेसे आहे: तेथे अलीकडच्या वर्षांत आठ ते दहा हजारांच्या आसपास अर्ज आले आणि वर्ग सुमारे 930 जणांचा झाला. नाकारलेल्यांपैकी कित्येकांचे गुण प्रवेश मिळालेल्यांइतकेच असतात. म्हणजे परीक्षेतील गुणांनी दार उघडले, तरी आत कोण जाणार हे उरलेल्या कागदांवर ठरते, आणि त्याच कागदांसाठी ही सेवा विकली जाते.

पहिल्या बैठकीत मला नेमून दिलेल्या सल्लागार मॅडमनी जीमॅट या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर शेवटी विचारला. आधी त्यांनी माझ्या कामाचे वर्षभराचे वेळापत्रक मागितले. द्राक्षाचा निर्यात हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल चालतो आणि त्या काळात पॅकहाउसमधल्या माणसाला स्वतःसाठी वेळ उरत नाही, हे कळल्यावर त्यांनी लगेच अर्जांची दुसरी फेरी बाजूला ठेवली. बहुतेक मोठ्या शाळांच्या दुसऱ्या फेरीची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला असते, तर पहिली फेरी सप्टेंबरच्या आसपास येते. त्यामुळे एप्रिल संपल्यावर परीक्षेची तयारी, पावसाळ्यात निबंध आणि ऑगस्टमध्ये शिफारसपत्रे असा क्रम त्यांनी लावून दिला. हे वेळापत्रक अर्जदार स्वतःही बसवू शकतो, पण माझ्या ओळखीतले अनेक जण ‘राउंड वनला स्कोअर नाही म्हणून राउंड टू’ अशा क्रमाने ढकलत जातात आणि कामाच्या ऐन गर्दीत रात्री जागून निबंध लिहितात. सल्लागाराने पहिल्याच भेटीत नोकरीचा हंगाम विचारावा, ही मला तिच्या अनुभवाची खूण वाटते.

या सेवेतले सर्वांत मोलाचे काम रेझ्युमेवर झाले. माझ्या जुन्या रेझ्युमेत ‘पॅकहाउसच्या दैनंदिन कामकाजाची जबाबदारी सांभाळली’ अशा अर्थाची एक ओळ होती. मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “तुम्ही तो पूर्ण हंगाम रजेवर असता, तर नेमके काय अडले असते?” मला उत्तर द्यायला वेळ लागला, आणि त्या उत्तरातूनच खरी ओळ निघाली.

आमच्याकडे तोडणी पहाटे सुरू होते आणि दहाच्या सुमारास सगळ्या गावांचे पिकअप एकदम फाटकावर येऊन उभे राहतात. प्री-कूलिंगच्या, म्हणजे तोडलेला माल झटपट थंड करण्याच्या, खोल्या भरलेल्या असल्या की क्रेट सावलीत, पण उन्हाच्या झळांतच थांबतात. मण्यावर त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. देठ मात्र सुकतो, तपकिरी पडतो, आणि कंटेनर युरोपात उघडल्यावर खरेदीदार भरपाईचा दावा लावतो. मी एका हंगामात निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील बागायतदारांशी आदल्या रात्री बोलून तोडणीच्या वेळा गावनिहाय बांधून दिल्या होत्या आणि तोडणीच्या टोळ्या दोन-दोन गावांत वाटून घेतल्या होत्या. त्यामुळे तोडणीपासून प्री-कूलिंगपर्यंतचा सरासरी वेळ साडेसहा तासांवरून चार तासांवर आला आणि देठ सुकल्याचे दावे निम्म्याने घटले. नव्या रेझ्युमेत हीच गोष्ट दोन ओळींत गेली.

त्यानंतरचा प्रश्न आणखी महत्त्वाचा होता. “हा साडेसहा आणि हा चार, दोन्ही आकडे कुठे लिहून ठेवलेले आहेत?” फाटकावरचे आवक रजिस्टर आणि कोल्ड चेंबरची नोंदवही मिळून ते सिद्ध होत होते, म्हणून आकडे राहिले, एका दुसऱ्या ओळीतला टक्केवारीचा आकडा माझ्या अंदाजाचा होता, तो त्यांनी काढायला लावला. अनेक शाळा प्रवेश दिल्यानंतर नोकरी, हुद्दा, पगार आणि शिफारस करणारी व्यक्ती यांची पडताळणी करून घेतात आणि त्यात तफावत सापडली तर दिलेला प्रवेश काढून घेऊ शकतात. आपल्याकडे रेझ्युमे फुगवण्याची जी सवय आहे, तिचा धोका सल्लागाराने इतक्या स्पष्टपणे सांगितला, याबद्दल मी त्यांना पूर्ण गुण देईन. रेझ्युमेच्या या कामाचा फायदा पुढे सर्वत्र झाला. इनसियाडच्या अर्जात सध्याच्या नोकरीतील जबाबदाऱ्या, हाताखालची माणसे, बजेट आणि निष्पन्न यांबद्दल स्वतंत्रपणे लिहावे लागले, आणि ते सगळे या दोन-तीन बैठकांत आधीच घासूनपुसून झालेले होते.

शाळांच्या निवडीचा भाग मात्र उथळ होता. माझ्यापुढे आलेली यादी फायनान्शियल टाइम्सच्या क्रमवारीवरून उतरवलेली दिसत होती. माझ्या स्कोअरच्या वरच्या, बरोबरीच्या आणि खालच्या अशा तीन रांगा करून शाळा भरल्या होत्या. मला शेतमालाच्या मूल्यसाखळीतच काम करायचे आहे, हे पहिल्याच बैठकीत सांगितलेले असूनही त्या क्षेत्राशी जोडलेला एकही अभ्यासक्रम यादीत नव्हता. आयआयएम अहमदाबादचा अन्न व कृषिव्यवसाय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम, आयआयएम लखनौचा कृषिव्यवसायाचा अभ्यासक्रम, हैदराबादची ‘मॅनेज’ संस्था, पुण्यातच विद्यापीठ रस्त्यावर असलेली ‘वॅमनिकॉम’, अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिस येथील व्यवस्थापन विद्यालय, यांपैकी प्रत्येक ठिकाण मला शोभलेच असते असे नाही. कॅट द्यावी लागते की जीमॅट, अनुभव किती मागतात, फी किती, यांत फरक आहेतच. परंतु ज्या सेवेत ‘शाळांची निवड’ हा वेगळा टप्पा म्हणून विकला जातो, तिच्याकडून ही नावे तरी कानांवर यायला हवी होती. क्रमवारीत वरची असलेली शाळा माझ्या क्षेत्रात नोकऱ्या देणाऱ्या कंपन्यांना कॅम्पसवर आणते का, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. तो मी स्वतः माजी विद्यार्थ्यांना संदेश पाठवून सोडवला आणि त्या संभाषणांतून यादी बदलली.

शिफारसपत्रांच्या बाबतीत संस्थेची भूमिका मला मनापासून आवडली. आपल्या कार्यालयांत साहेबांकडे शिफारसपत्र मागायला गेलो की ठरलेले उत्तर येते. आमचे ऑपरेशन्स हेडही हेच म्हणाले, “अरे, तूच लिहून आण, मी सही करून टाकतो.” सरांचा हेतू चांगलाच होता. हंगामाच्या तयारीत त्यांना वेळ नव्हता आणि इंग्रजीत दोन पाने लिहायची सवयही नव्हती. मी ते संस्थेला सांगितले तेव्हा मॅडमनी ठाम नकार दिला. मसुदा आम्ही लिहून देणार नाही आणि तुम्हीही लिहायचा नाही, असे त्यांनी सांगितले आणि कारणही दिले: शाळांचे शिफारस-फॉर्म आता थेट शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवर जातात, आणि अर्जदाराच्या निबंधाची व शिफारसपत्राची भाषा एकाच हातची असेल तर ती वाचणाऱ्याला दोन परिच्छेदांत कळते.

त्याऐवजी त्यांनी मला एक टिपण तयार करायला लावले. त्यात एकही विशेषण नव्हते. कोणत्या महिन्यात काय घडले, त्यात सरांनी काय सांगितले, मी काय केले, एवढ्याच नोंदी होत्या. ते टिपण घेऊन मी सरांबरोबर तासभर बसलो. अनेक शाळा जीमॅट घेणाऱ्या संस्थेने तयार केलेला सामाईक शिफारसपत्राचा नमुना वापरतात. त्यात एक प्रश्न असा असतो की, अशाच कामावरच्या इतर चांगल्या लोकांच्या तुलनेत हा उमेदवार कसा आहे. आणि दुसरा असा की, तुम्ही त्याला दिलेली सर्वांत महत्त्वाची सुधारणेची सूचना कोणती आणि त्याने तिला कसा प्रतिसाद दिला. दुसरा प्रश्न वाचून सर गोंधळले. शिफारस करायची आणि वर उणीवही लिहायची, हे आपल्याकडच्या गोपनीय अहवालांच्या संस्कृतीत वाढलेल्या माणसाला विचित्रच वाटते. त्या तासाभरात त्यांना आठवले की, रात्रपाळीच्या सुपरवायझरला मी प्रतवारीचे अंतिम निर्णय घेऊ देत नाही, असे त्यांनी मला बजावले होते आणि पुढच्या हंगामापासून ते निर्णय मी त्याच्यावर सोपवले होते. ही गोष्ट माझ्या टिपणात नव्हती. त्यांनी ती त्यांच्या साध्या इंग्रजीत लिहिली, आणि एका मुलाखतीत माझ्याशी सर्वांत जास्त वेळ त्याच मुद्द्यावर बोलणे झाले. शिफारसपत्र पोकळ स्तुतीने भरलेले असते, तर असा धागा मुलाखतकाराच्या हाती लागलाच नसता.

आता निबंधांबद्दल. येथे या सेवेचे दोन चेहरे दिसले, आणि दुसरा चेहरा मला तीव्रपणे खटकला. निबंधाचा विषय ठरेपर्यंतचे काम मॅडम स्वतः करत होत्या आणि ते उत्तम होते. मी निर्यातीच्या यशावर लिहू पाहत होतो. त्यांनी मला अवकाळी पावसाच्या आठवड्याकडे वळवले, कारण माझ्या बोलण्यात तोच प्रसंग पुन्हा पुन्हा येत होता. पहिला मसुदा मी लिहिला, त्यांनी कडेला प्रश्न लिहून परत पाठवला, दुसऱ्या मसुद्यातले दोन परिच्छेद कापायला लावले. तिसरा मसुदा ‘भाषा-संस्करण’ विभागाकडे गेला. हा विभाग पॅकेजचा भाग होता आणि तेथे माझ्याशी कधीही न बोललेली मंडळी काम करत होती.

माझ्या मसुद्यातील एका वाक्याचा अर्थ असा होता: ‘अवकाळी पावसानंतर मण्यांना तडे गेल्यामुळे युरोपसाठी माल घेता येणार नाही, हे मला बागायतदारांना त्यांच्या बांधावर जाऊन सांगावे लागले.’ परत आलेल्या मसुद्यात त्या जागी जे इंग्रजी वाक्य होते त्याचा अर्थ असा होता: ‘प्रतिकूल परिस्थितीत सर्व भागधारकांशी सहृदय संवाद साधत मी परिवर्तनशील नेतृत्वाचा प्रत्यय दिला.’ पाऊस गेला, मणी गेले, बांध गेला, आणि ज्या माणसांचे वर्षाचे उत्पन्न त्या एका वाक्यावर अवलंबून होते ती माणसेही गेली. राहिलेले वाक्य कोणत्याही देशातल्या, कोणत्याही क्षेत्रातल्या अर्जदाराला चालले असते. प्रवेश समितीतला वाचक एका हंगामात अशी वाक्ये शेकड्यांनी वाचत असणार. त्याला या अर्जदाराने काय पाहिले आणि काय केले हे हवे असते, आणि नेमके तेच संस्करणात पुसले गेले होते. मी तक्रार केल्यावर मॅडमनी जुनी वाक्ये परत घेतली आणि फक्त व्याकरणाच्या दुरुस्त्या ठेवल्या. पण ज्या अर्जदाराचा स्वतःच्या इंग्रजीवर कमी विश्वास आहे, तो हे सुंदर दिसणारे वाक्य कृतज्ञतेने ठेवून देईल, ही भीती मला वाटते. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींना तर मी आवर्जून सांगेन की, तुमचे साधे, बरोबर इंग्रजी या निबंधांसाठी पुरेसे आहे.

यात केवळ शैलीचा प्रश्न नाही. अर्ज पाठवताना बहुतेक शाळा मजकूर स्वतःचाच असल्याचे लेखी घेतात. कॅलिफोर्नियातील यूसीएलए अँडरसन या शाळेने 2012 च्या सुमारास निबंध तपासण्यासाठी वाङ्मयचौर्य शोधणारी प्रणाली वापरली आणि उचललेला मजकूर सापडलेले अनेक अर्ज फेटाळले, ही बातमी तेव्हा गाजली होती. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत शाळांनी स्वतंत्र नियम केले आहेत आणि ते शाळेगणिक वेगळे आहेत, त्यामुळे प्रत्येक अर्जाच्या सूचना मुळातून वाचणे भाग आहे. प्रवेश-सल्लागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे आयगॅकच्या, आचारसंहितेतही अर्जदाराचे निबंध सल्लागाराने लिहू नयेत असेच तत्त्व आहे. आमच्या संस्थेतल्या मॅडम ते पाळत होत्या. संस्करण विभाग त्या रेषेच्या फार जवळून चालत होता.

शब्दमर्यादा कमी होत चालल्यामुळे हा मुद्दा आणखी तीव्र झाला आहे. हार्वर्डने अनेक वर्षे एकच मोकळा निबंध मागितला होता. 2024 मध्ये त्याऐवजी तीन छोटे निबंध आले, एक 300 शब्दांचा आणि दोन 250 शब्दांचे. अडीचशे शब्दांत पोकळ वाक्याला जागाच नसते. तेथे एक प्रसंग, एक निर्णय आणि त्याचा परिणाम एवढेच मावते, आणि त्यासाठी अलंकार करणाऱ्यापेक्षा कापणारा वाचक लागतो. सल्लागाराकडून मी जे काही शिकलो त्यात कापणे सर्वांत वर आहे.

जीमॅटची शिकवणीही हीच संस्था वेगळे शुल्क घेऊन विकते. ती मी घेतली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल मत देत नाही. नोव्हेंबर 2023 पासून परीक्षेचे स्वरूप बदलले आहे: प्रत्येकी 45 मिनिटांचे तीन विभाग, एकूण 64 प्रश्न, गुण 205 ते 805 या पट्टीवर. भूमिती, वाक्यदुरुस्ती आणि निबंध हे भाग गेले आहेत, म्हणून दादा-ताईंची जुनी पुस्तके जशीच्या तशी वापरू नयेत. जुन्या पट्टीवरचे 700 आणि नव्या पट्टीवरचे 645 हे पर्सेंटाइलच्या हिशोबाने जवळपास सारखे आहेत, हेही अनेकांना ठाऊक नसते आणि ते 645 पाहून उगाच खचतात. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अधिकृत सराव-परीक्षांपैकी दोन विनामूल्य मिळतात आणि स्वतःची पातळी समजण्यासाठी त्या पुरतात.

मुलाखतीच्या सरावाबाबत माझा अनुभव मिश्र आहे, आणि त्याचे कारण पुन्हा तेच: कोण प्रश्न विचारतो. पहिला मॉक इंटरव्ह्यू घेणाऱ्या गृहस्थांनी माझा अर्ज वाचलेला नव्हता. ‘स्वतःबद्दल सांगा’, ‘एमबीए का’, ‘पाच वर्षांनी कुठे असाल’ या प्रश्नांची तयार उत्तरे त्यांनी पाठ करायला सांगितली आणि देहबोलीवर बराच वेळ घालवला. ते सत्र निरुपयोगी होते. दुसरा सराव इनसियाडमधून शिकून आलेल्या एका माजी विद्यार्थ्याने ऑनलाइन घेतला. त्यांनी माझा रेझ्युमे समोर ठेवून पहिलाच प्रश्न विचारला की, बागायतदारांच्या तोडणीच्या वेळा तुम्ही बांधून दिल्या, तर ज्यांना दुपारची वेळ मिळाली त्यांचे नुकसान झाले नाही का, आणि त्यांनी ते का मान्य केले. याचे प्रामाणिक उत्तर असे होते की, सुरुवातीला त्यांनी मानले नाही, आणि वेळा दर आठवड्याला फिरवायचे ठरल्यावरच गाडे पुढे सरकले. रेझ्युमेतल्या दोन ओळींच्या मागे दडलेली ही वाटाघाट खऱ्या मुलाखतीतही विचारली गेली. इनसियाडमध्ये साधारणपणे माजी विद्यार्थीच दोन मुलाखती घेतात आणि त्याआधी व्हिडिओवर काही सेकंदांच्या तयारीने मिनिटभराची उत्तरे द्यावी लागतात. पीजीपीएक्ससाठी पॅनेलपुढे बसावे लागते. या निरनिराळ्या प्रकारांसाठी एकच साच्यातला सराव विकणे मला योग्य वाटत नाही. व्हिडिओ-उत्तरांचा सराव तर मी मोबाइल टेबलावर उभा करून घरीच केला.

कागदपत्रांच्या बाबतीत संस्थेने मला वेळेत सावध केले नाही. विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, मिळवायला अपेक्षेपेक्षा बरेच जास्त दिवस लागले, आणि अर्जाच्या मुदतीच्या तोंडावर मला नाशिकहून चकरा माराव्या लागल्या. ज्यांची एखादी एटीकेटी होती किंवा मध्ये एखादे वर्ष गेले, त्यांना तर प्रत्येक सत्राच्या गुणपत्रिका आणि त्यांवरचे स्पष्टीकरण जुळवावे लागते. एटीकेटी लपवू नये. गुणपत्रिकेत ती दिसतेच. अर्जात वेगळ्या माहितीसाठी जी ऐच्छिक जागा असते, तेथे दोन-तीन वाक्यांत कारण आणि त्यानंतरची प्रगती लिहावी, तक्रारीचा सूर नसावा, हा मॅडमचा सल्ला योग्य होता. गुणांची टक्केवारी स्वतःच्या हिशोबाने अमेरिकन चारच्या पट्टीवर बसवण्याचा खटाटोपही करू नये. अमेरिकेतील बऱ्याच शाळा गुण मूळ पट्टीवरच मागतात.

शिष्यवृत्तीचा विषय पॅकेजमध्ये नव्हता, आणि ही मला मोठी उणीव वाटते, कारण आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबांसाठी प्रवेश मिळणे आणि जाता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1892 मध्ये स्थापन झालेली जे. एन. टाटा एंडोमेंट परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. स्टॅनफर्डला जाऊ इच्छिणाऱ्या भारतीयांसाठी रिलायन्स धीरूभाई फेलोशिप आहे आणि तिची प्रक्रिया शाळेच्या अर्जापासून वेगळी चालते. यांच्या मुदती आणि अटी शाळांच्या मुदतींशी जुळतीलच असे नाही, म्हणून शाळांची यादी करतानाच शिष्यवृत्तीची यादीही शेजारी असायला हवी. अडीच लाख रुपये घेणाऱ्या संस्थेने हे टिपण तयार ठेवायला काहीच हरकत नव्हती.

निकालाबद्दल विचारणा होईल म्हणून सांगतो: चारपैकी एका ठिकाणी प्रवेश मिळाला, एका ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव आले आणि दोन ठिकाणांहून नकार आला. त्यावरून सेवेला गुण देणे मला पटत नाही. तीच सेवा घेतलेल्या दुसऱ्या कोणाला चारही ठिकाणी नकार येऊ शकतो, आणि ती न घेता चारही ठिकाणी प्रवेश मिळवणारेही आहेत. संस्थेच्या भिंतीवर यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो पुष्कळ आहेत. त्या वर्षी एकूण किती जणांनी सेवा घेतली होती, हा आकडा मात्र विचारूनही मिळाला नाही.

पैशाच्या दृष्टीने माझा हिशोब असा आहे. पहिल्या दोन-तीन बैठका, रेझ्युमेचे काम, शिफारसपत्रांचे मार्गदर्शन आणि निबंधांच्या मसुद्यांवर कडेला लिहिलेले प्रश्न, एवढ्यासाठी मी पुन्हा पैसे देईन. हे सगळे एका अनुभवी व्यक्तीच्या तासांत मोजता येते, आणि अनेक सल्लागार तासावर काम करतात. तसे घेतले असते तर खर्च पॅकेजच्या निम्म्याहूनही कमी झाला असता. शाळांची निवड, भाषा-संस्करण आणि साचेबंद मॉक यांसाठी पैसे देऊ नयेत. ज्यांच्या ओळखीत अशा शाळांतून शिकून आलेले कोणीच नाही, लहान गावांतून किंवा कुटुंबाच्या व्यवसायातून जे येत आहेत, त्यांना या सेवेचा उपयोग सर्वाधिक होईल, कारण त्यांच्या कामात दडलेले मोल ओळखून प्रश्न विचारणारा माणूस त्यांना एरवी भेटत नाही. मोठ्या सल्लागार कंपन्यांत किंवा बँकांत काम करणाऱ्यांच्या शेजारच्याच टेबलावर अशी चार माणसे बसलेली असतात. त्यांनी आधी त्यांच्याकडे मसुदा द्यावा.

करार करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. माझे मसुदे कोण वाचणार, त्या व्यक्तीशी मला थेट बोलता येईल का, ती एका हंगामात किती अर्जदार घेते आणि मध्येच नोकरी सोडून गेली तर पुढे काय, हे प्रश्न विचारावेत. संस्करण विभागाकडे मसुदा पाठवायचा की नाही, हा निर्णय अर्जदाराचा असेल, असे लिहून घ्यावे. शुल्क टप्प्याटप्प्याने भरता येईल का आणि मध्ये थांबल्यास किती परत मिळेल, हेही आधी ठरवावे. माझ्या करारात पहिल्या बैठकीनंतर परताव्याची सोय नव्हती. आणि करारातील एक कलम विशेष लक्ष देऊन वाचावे. माझे निबंध संस्थेला ‘नमुना’ म्हणून इतर विद्यार्थ्यांना दाखवता येतील, अशी परवानगी माझ्या करारात बारीक अक्षरांत होती. तुमच्या आयुष्यातील प्रसंग दुसऱ्याच्या अर्जात थोड्या फरकाने उतरले आणि तपासणीत दोन निबंध एकमेकांशी जुळले, तर त्याचा त्रास दोघांनाही होईल. मी ते कलम खोडून तेथे सही मागितली, आणि संस्थेने कोणतीही खळखळ न करता ती दिली.